दारातलं अक्षर

१६ ऑक्टो. ५६, मंगळ.
निजामाच्या राज्याची वाटणी होतेय, सरकारी नोकरांत ह्यांचं नाव मुंबई राज्याच्या यादीत लागलं. दिवाळी झाली की औ.बाद. मलकपेठचं घर सोडायचं. मी लगेच माळा काढला. मन थाऱ्यावर नसलं की माझे हात आधी भांड्यांकडे धावतात.
अण्णांनाही सांगितलं. माझ्या वडिलांचा सगळा जन्म ह्या गावात, नोकरी टांकसाळीत. "तिथल्या भिंती कुठं ओळखीच्या आहेत माझ्या," एवढंच म्हणाले. डोळे गेल्यापासून भिंत चाचपत घरभर फिरतात.

१९ ऑक्टो., शुक्र.
दुपारी अण्णा नाण्यांचा डबा घेऊन बसले. हालीचे, म्हणजे निजामी चलनाचे, जुने रुपये, त्यांनी नोकरीत असताना जमवलेले. काळेठिक्कर. नाण्यावरच्या चारमिनारच्या दारात एक बारीक उर्दू अक्षर असतं, आधीच्या निजामाचं मीम, नंतरच्याचं ऐन. अण्णा अंगठ्याचं नख फिरवून सांगतात, "दारात मीम उभा आहे." बघावं तर बरोबर! मला चष्मा लावून धड दिसत नाही.
पण काय तो कळकटपणा. लक्ष्मीपूजनाला असे मांडायचे?

२३ ऑक्टो., मंगळ.
चिंचेनं भागेना. अण्णांचा डोळा लागलेला बघून डबा सोनाराकडे नेला. तो म्हणाला, "तेजाब में डाले तो चमकते बाई, मगर नक्श खा लेता. सोच लेव." मी कसली सोचतेय! पहिल्या खेपेला डाग राहिले, पुन्हा बुडवायला लावले. वर ब्रशनं घासूनही घेतले. पांढरेशुभ्र. घरी येऊन डबासुद्धा लख्ख केला.

२५ ऑक्टो., गुरु.
अण्णांनी एक रुपया घेतला. नख फिरवलं, परत फिरवलं. दुसरा घेतला. तिसरा.
"दारात कुणीच नाही गं."
मी मेथी निवडत होते, निवडतच राहिले. त्यांनी डबा मिटून माझ्याकडे सरकवला. मागून अंगणात जाऊन पाहिलं. दार आहे. आत काही नाही, नुसतं खरखरीत.

२८ ऑक्टो., रवि.
अण्णा बोटं चोळत बसतात. ह्यांना म्हणाले, "डोळे गेले, आता बोटंही चालली." ह्यांनी तेल आणून दिलं. ह्यांना काय माहीत! भिंत सोडलीय अण्णांनी. न्हाणीत जायला मला हाक मारतात.
आज सांगणारच होते. "अण्णा," म्हटलं. "काय गं?" "चहा ठेवू?"
शरम वाटते माझी मला.

३१ ऑक्टो., बुध.
सांगितलं. हात धरून न्हाणीत नेताना, तिथंच थांबून. "तुमच्या बोटांना काही झालेलं नाही अण्णा. मीच नाणी तेजाबात घातली."
त्यांनी अंगठा बोटांवरून फिरवला. मग, "म्हणजे बोटं शाबूत आहेत?"
हो म्हणताना रडूच फुटलं.
"सगळी घातलीस?"
"सगळी."
 माझा हात सोडवून घेतला. रागानं की काय, कळलं नाही. जेवले थोडंसं.
टांकसाळीतल्या माणसाची लेक मी, आणि ही अक्कल.

२ नोव्हें., शुक्र. ल.पू.
कालपासून आम्ही कागदोपत्री मुंबईचे. निघायला आठवडा आहे.
पूजेत ते रुपये मांडले नाहीत, हळकुंडं-सुपाऱ्या मांडल्या. अण्णा भिंत धरत धरत एकटे देवघरापर्यंत आले. मध्येच थांबले, भिंतीवर अंगठा घासला. "हिलाही काही लावलंस का?"
दसऱ्याआधी चुना दिला होता मी. हे फस्सकन हसले. अण्णा हसले की नाही, दिसलं नाही, तोंड भिंतीकडे होतं.
डबा कोणत्या ट्रंकेत घालू, विचारलं.
"बाहेरच राहू दे अजून."
त्यांच्या खाटेजवळ ठेवलाय. आता लिहितेय तर आतून एकेक रुपया उचलून ठेवल्याचा आवाज येतोय. मधे फार वेळ थांबतात.