लेकीला वकील करताना

३ मार्च
चिमीची परीक्षा संपत आली. घरात कुणालाच तिच्या करिअरची काळजी नाही. आजपासून सूत्रं माझ्या हाती. लादणार काहीच नाही, फक्त मार्गदर्शन. पोरगी वकील होणार, हे मी अगदी मोकळ्या मनाने ठरवलंय.

५ मार्च
जेवणानंतर कायद्याचं महत्त्व सांगितलं. मी बोलत असताना चिमीने बंद पडलेला मिक्सर उघडून बसवला. एकाग्रता कमी. वकिलीत चालणार नाही. (मिक्सर चालला.)

११ मार्च
तिला मेहुण्याच्या वकिली ऑफिसात नेलं. सातवा मजला. लिफ्ट मध्येच अडकली. मी चिमीला धीर दिला. जरा मोठ्याने दिला, एवढंच. चिमी त्याला किंकाळी म्हणते. मग हत्यारांची पिशवी घेऊन लिफ्टवाली बाई आली. बाहेरूनच ओरडली, काका, दार बडवू नका, मला काम करू द्या! सुटका झाल्यावर मी मेहुण्याच्या सोफ्यावर आडवा. चिमी त्या बाईबरोबर थेट गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. परतली ती कोपरापर्यंत ग्रीस, डोळ्यांत चमक. कायद्याची गोडी लागली असावी.

१२ मार्च
नाही लागली. लिफ्टचं काम शिकणार म्हणते. मी नुसता हसलो. वयच तसं आहे. चार दिवसांत भूत उतरेल.

२० एप्रिल
भूत मुक्कामाला आहे. मी हट्टी बाप नाही. वकिली सोडली, सीए सुचवलं. नको. बँक सुचवली. नको. शिक्षिका? माझ्याकडे बघून आमची ही म्हणाली, घरात एक उपदेश करणारा पुरे. शेवटी निर्वाणीचं सांगितलं: तुझ्या अर्जावर माझी सही मिळणार नाही. ही म्हणाली, मी कधीच केली.

९ जून, दुपार
चिमीची लिफ्ट कंपनीत ट्रेनिंगसाठी निवड! मुलाखतीत विचारलं म्हणे, हे क्षेत्र कुणामुळे निवडलंस? चिमी म्हणाली, बाबांमुळे. ऊर भरून आला. मेहुण्याला फोन केला. शेजाऱ्यांना सांगून संध्याकाळी चहाला बोलावलं. बापाचं मार्गदर्शन कधी वाया जात नाही. मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

९ जून, संध्याकाळ
नेमकं काय म्हणालीस, असं शेजाऱ्यांसमोरच चिमीला कौतुकाने विचारलं. म्हणाली, “बाबा एकेक सुचवत गेले, मी ते ते खोडत गेले. शेवटी हेच उरलं.”
शेजारी चहा न घेताच गेले. जिन्यात बराच वेळ हसत होते.