वासूला इकडे पाठवू नको

ती. आईस, विश्रामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे. भांड्यांच्या कारखान्यात काम चालू आहे, जेवण वेळेवर मिळतं. धाकट्या वासूचं डोकं कसं आहे? परत झटका आला का?

आमच्या चाळीतल्या जितेंद्रलाही तसेच झटके यायचे. परवा तो भांडी फेकायला लागला, तेव्हा त्याच्या आईनेच पोलीस बोलावले. आपले पोलीस पाटील कसे वासूजवळ बसून त्याला चहा पाजतात, तसंच तिला वाटलं असेल. इथल्या पोलिसांनी गोळी घातली. तो जागीच गेला.

आता सांगतात, सुरा घेऊन अंगावर आला. मी दारात होतो आई, त्याच्या हातात कालथा होता. मुकादम मला म्हणतो, "विश्राम, तूने कुछ देखा नहीं." त्याला हे कुणी शिकवलं? चाळीतले पण आता सुराच म्हणतात, सगळे एकाच शब्दांत.

म्हणून कार्ड न लिहिता पाकीट धाडतोय. उघडून परत चिकटवलेलं वाटलं तर कळव.

तू लिहिलंस, वासूला मुंबईच्या डॉक्टरला दाखवू. नको पाठवू. खोली लहान आहे म्हणून सांग त्याला. माझ्यावर रुसला तर रुसू दे.

तुझा,
विश्राम