शेवटचा ठराव

वेंगुर्ले,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुदास यास विमलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, तेव्हा आपली पत्रंच बरी. मेअखेर तू निवृत्त होणार. सीता आत्ताच धास्तावली आहे. म्हणते, घरी बसले की माझ्या डब्यांची तपासणी सुरू करतील. मी तिला म्हटलं, चार दिवस करू दे, मग दमेल.

तुझ्या जिवलग बाबलीच्या जाळी ठेवायच्या मांगरात तू पतसंस्थेचं टेबल मांडलंस तेव्हा आई किती रडली होती. सरकारी नोकरी सोडून मांगरात बसता म्हणून. आज असती तर मिरवली असती.

एक विचारायचं होतं. काल बाजारात बाबलीची बायको शेवंती भेटली, इथे माहेरी आलेली. नेहमीसारखी थांबली नाही. एवढंच म्हणाली की तुझ्या भावाक इचार, संस्थेचा काय करता तो. मला काही कळलं नाही. सगळं ठीक आहे ना?

तुझी,
विमलाअक्का

*

मालवण,
ता. २० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

शेवंतीवहिनी खोटं बोलल्या नाहीत. आपली पतसंस्था घाटावरच्या एका मोठ्या संस्थेत विलीन करावी असा ठराव मी संचालकांपुढे ठेवला आहे. एप्रिलमध्ये सभासदांची सभा होईल.

गेली काही वर्षं समुद्र हात आखडून आहे. होड्यांची कर्जं थकली. शिकलेली मुलं मुंबईला, त्यांचे व्यवहार मोबाइलवर. आज सगळ्यांच्या ठेवी सुरक्षित आहेत. आणखी दोन वर्षं अशीच गेली तर असतील असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मागच्या वर्षी पलीकडच्या तालुक्यातली एक संस्था बुडाली तेव्हा पतसंस्थांच्या फेडरेशनने मला तिथे पाठवलं होतं. शटर खाली आणि पायरीवर माणसं. एक म्हातारी रोज येऊन बसायची आणि मला विचारायची, आज उघडतली काय रे बाबा? जिल्हाभर नव्या व्यवस्थापकांना शिकवत मी उभा जन्म फिरलो, पण तिला टाळून मी मागच्या दाराने आत जायचो. आपल्या पायरीवर कोणी तशी बसू नये, एवढंच मला हवं आहे.

बाबलीला मी स्वतः जाऊन सांगितलं. पहिला अध्यक्ष तो, आजही संचालक. जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला की पोर आजारी पडला म्हणान कोणी दुसऱ्याक देऊन टाकता काय? त्यानंतर बोललेला नाही.

सीतेचा नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
गुरुदास

*

वेंगुर्ले,
ता. ३ मार्च २०२५

चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सल्ला स्वार्थी आहे, तरी देते. तुझे तीन महिने राहिलेत. तेवढे गप्प काढ, हार घे, घरी ये. जो पुढे खुर्चीवर बसेल तो विलीन करील नाहीतर बुडवील. सगळा वाईटपणा तुझ्याच कपाळी का?

बाबा गेले तेव्हा तू कोल्हापूरला शिकायला होतास. तुला आणायला एसटी मिळेना म्हणून बाबली कौलांच्या ट्रकवर बसून फोंडाघाट चढून गेला होता. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, गुरू. निवृत्तीनंतर खुर्ची राहत नाही, निदान मित्र तरी राहू दे.

रागावू नकोस.

विमलाअक्का

*

मालवण,
ता. २९ एप्रिल २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. ठराव मंजूर झाला.

तुझा सल्ला मी खरंच मनात घोळवला. पण नवीन माणसाला सभासद ओळखत नाहीत. त्याच्या सांगण्यावरून कोणी हो म्हटलं नसतं, आणि वेळ निघून गेली असती.

शाळेचा हॉल भरला होता. माझं बोलून झाल्यावर बाबली उठला. म्हणाला की ही संस्था त्याच्या मांगरात जन्मली, घरोघर फिरून त्याने सभासद गोळा केले, आणि मी ती घाटावरच्यांना विकली. का, तर त्यांनी मला निवृत्तीनंतरची खुर्ची देऊ केली आहे म्हणून.

सल्लागारपद त्यांनी देऊ केलं होतं हे खरं. मी ते महिन्यापूर्वीच नाकारलं होतं. नकाराच्या पत्राची प्रत खिशात होती. बाहेर काढली असती तर बाबली गावासमोर खोटा पडला असता, आणि तोही बायकामुलांच्या देखत. मी एवढंच म्हटलं की आता मतदान घेऊया.

मासळीबाजारातल्या बायकांनी पहिले हात वर केले. त्यांना विलीनीकरण म्हणजे काय ते कळलं नव्हतं, मी सांगतो म्हणून केले. बाबलीच्या शब्दांपेक्षा ते हात मला जास्त लागले. मोजणी चालू असतानाच तो निघून गेला.

मी खुर्ची नाकारल्याची गोष्ट तू कोणाजवळ काढू नकोस. शप्पथ आहे.

तुझा,
गुरुदास

*

वेंगुर्ले,
ता. ३ जून २०२५

चि. गुरुदास यास अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. तुझ्या निरोप समारंभाला आले याचं बरं वाटतं आणि वाईटही.

फेडरेशनची माणसं केवढं बोलली! ज्यांच्या नावावर घर ना जमीन अशा बायकांना तू सभासद करून घेतलंस, दुसऱ्या संस्था अडचणीत आल्या की बोलावणं नसताना धावलास, हे मला परक्यांच्या तोंडून कळलं. तू कधी घरी बोलला नाहीस. पण मागे वळून पाहिलं तर गावची माणसं थोडीच. पहिल्या रांगेतली एक खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती आणि सीता तिथे कोणाला बसू देत नव्हती. तुझे डोळे त्या खुर्चीवरून हलत नव्हते. दोन वाक्यं बोलून तू खाली बसलास तेव्हा मला शालीचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी बाबलीकडे गेले होते, तुला न सांगता. त्याने कोकम सरबत दिलं, माझ्या कानाची चौकशी केली. तुझं नाव काढलं तसा उठून पडवीत गेला. शेवंती डोळे पुसत बसली. खरं सांगायला माझी जीभ वळवळत होती, पण तू शप्पथ घातली होतीस. कशाला घातलीस रे?

जेवत जा. सीता सांगते, ताट तसंच ठेवतोस.

विमलाअक्का

*

मालवण,
ता. २२ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जुनी पाटी उतरली, नवी लागली. सर्व जुन्या सभासदांनी येऊन खातं नव्याने नोंदवायचं आहे, म्हणून परवा मीही रांगेत उभा राहिलो. काउंटरवर सलोनी नावाची मुलगी आहे, घाटावरून आलेली, कामाला चांगली. माझा अंगठा यंत्रावर उमटेना. तिने नम्रपणे विचारलं, आजोबा, तुम्हांला ओळखणारं कोणी आहे का इथे?

मागून आवाज आला की ह्येका मी वळाखतंय, आमची संस्था ह्येनाच इकल्यान. बाबली होता.

सलोनीला ती थट्टा वाटली. हसत तिने त्याच्यापुढे कागद सरकवला आणि त्याने माझ्या ओळखीची सही केली.

बाहेर पायरीवर मी त्याला हाक मारली. तो थांबला. अक्का, किती खंगला आहे तो! म्हणाला की ज्येचे त्येचे पैशे मेळतत, ता माका दिसता. तू खुर्चेर बसाक नाय, ताय दिसला. मग पायरी उतरला आणि म्हणाला, तरीय मी तुझ्या घराक येवचंय नाय.

आणि गेला. मी अडवलं नाही.

कोण बरोबर, कोण चूक, हे मला विचारू नकोस. पुन्हा वेळ आली तर मी तोच ठराव मांडीन. पण बाबलीने बोललेला शब्द मोडल्याचं मला आठवत नाही. तेव्हा दर दसऱ्याला सोनं घेऊन येणारा तो यंदा यायचा नाही, घरात आम्ही दोघंच असू. जमलं तर तू ये.

आहे ती माया राहू दे.

तुझा,
गुरुदास