मऊ घोंगडी

रविवार, एप्रिल १९७३

डोकं ठणकतंय. आज आमचं महिला मंडळ पाथर्डीकडच्या एका गावी घोंगड्यांचे माग बघायला गेलं होतं. वेशीवर 'कारागिरांचं आदर्श गाव' अशी ताजी पाटी, आणि विहिरी कोरड्या.

एका म्हाताऱ्या विणकराने घोंगडी हातात दिली. मऊ लागली. नवी घोंगडी कधी मऊ असते? कशी ताठ, खरखरीत हवी. चिंचोके शिजवून त्यांची खळ देतात, म्हणून तर ती ताठ होते. माहेरी पाहिलंय मी. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबा, खळ द्यायला कंटाळलात वाटतं!"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "न्हाई बाई. चिंचोके हुते. यंदा पोरांनी खाल्ले."

घोंगडी तशीच हातात धरून उभी राहिले. इतकी मऊ. तेवढ्यात आमच्या अध्यक्षीणबाई आल्या. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. घोंगडी गालाला लावून म्हणाल्या, "अगं बाई, किती मऊ! बाबा, पुढच्या वर्षीही अश्शीच करा हं."

म्हातारा म्हणाला, "व्हय."