गच्चीचा तुझा अर्धा भाग

तीर्थस्वरूप दादास,

पन्नाशी उलटली तरी तुझ्या लेखी अजून धाकटीच असलेल्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? वहिनीचा दमा कसा आहे? आम्ही इथे सगळे ठणठणीत आहोत. तब्येत नाजूक आहे ती फक्त तुझ्या मतांची, आणि तिच्यासाठीच हे पत्र.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, "वीज जाते तशी येतेही, धीर धर." चौतीस वर्षं वीजखात्यात साहेबकी केलेल्या माणसाला हे बोलणं सोपं आहे. पण धीर मी धरीन रे, अंडी कशी धरणार? कारखाना बंद पडून घरी बसले तेव्हा हे अंडी उबवायचं यंत्र मी घेतलं, ते शोभेला नाही. एकवीस दिवस त्याला एकसारखी ऊब लागते. पहिली खेप अकराव्या दिवशी गेली, दुसरी सतराव्या. दोन्ही वेळा वीज आठ-आठ तास गायब. दोन्ही वेळा परसात खड्डा मी खणला, आणि दुसऱ्या वेळी त्या खड्ड्याशीच बसून ढसाढसा रडले. (हे वहिनीला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.) तेव्हाच घरात ठरलं, तिसरी खेप गेली की यंत्र विकायचं आणि मी गप्प बसायचं. आमच्या ह्यांना दुसऱ्या भागाची जास्त ओढ होती.

तर तिसरी खेप. दोनशे चाळीस अंडी, विसावा दिवस, सकाळचे दहा. मी यंत्राला कान लावला तर आतून बारीक चिवचिव! आणि त्याच क्षणी तुझ्या खात्यानं माती खाल्ली. इन्व्हर्टर होता, पण त्याचं पोट भरायला आधी वीज यावी लागते आणि ती चार दिवस धड आली कुठे होती? बाराच्या आत त्यानं केविलवाणं टूं टूं करून मान टाकली. तक्रारीला फोन लावला, तर तिकडच्या बाईंनी मला अकरा आकडी क्रमांक दिला आणि जपून ठेवा म्हणाल्या. तो क्रमांक अंड्यांखाली ठेवून ती उबतात का, हे विचारायचं राहून गेलं.

मग मी पदर खोचला. शंभर अंडी पत्र्याच्या पेटीत, गरम पाण्याच्या बाटल्या आणि दोन रजया घालून. साठ ह्यांच्याभोवती, पलंगावर, वर गोधडी. (लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण ह्यांचा इतका भरघोस उपयोग पहिल्यांदाच झाला. कूस बदलायची नाही, शिंकायचं नाही, असा दम भरला होता.) पन्नास सासूबाईंच्या शालीत. त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत, उलट मलाच "हळू बोल, दचकतील" म्हणाल्या. राहिली तीस. मी हुकूम सोडला की आता जो कोणी दारात येईल, त्याला आधी बसवायचं आणि पोटाशी अंडी द्यायची, चौकशी नंतर.

दोन वाजता एक माणूस आला. मी त्याला खुर्चीत दाबला, अंगावर स्वेटर चढवला, आत तीस अंडी भरली, हलू नका म्हणून बजावलं, आणि मग विचारलं, आपण कोण? तो म्हणाला, "ताई, मी लाइनमन. लाइट दुरुस्त करायला आलोय."

हसू नकोस. सगळ्या भागात खांबावर चढणारा एकुलता एक माणूस, आणि त्याच्या पोटावर माझी तीस पिल्लं! मी अंडी काढून घ्यायला गेले तर तो हात आडवा धरून म्हणाला, "थांबा, आतून टोचतंय." तुला सांगते दादा, त्या दांडग्या माणसाचे डोळे पाण्यानं भरले. म्हणाला, वीस वर्षं झाली लोकांना "येईल हो लाइट" म्हणून सांगतोय, पण वाट बघणं काय असतं ते आज कळलं. हे ऐकून मलाही भरून आलं, तरी आठवण करून दिलीच की बाबा, तू उठल्याशिवाय लाइट येणार नाही. पण तो हलेना. त्याच्या खिशातला फोन वाजत राहिला, बाहेर गल्ली ओरडत राहिली.

शेवटी त्याला शोधत त्याचे साहेब आले. (हे तेच, तुझ्या हाताखाली तयार झालेले. "धीर धरा" अगदी तुझ्याच आवाजात म्हणतात.) त्यांनी दारातूनच तोंड सोडलं, आणि पुढच्या मिनिटाला ते खुर्चीत होते, स्वेटर त्यांच्या अंगात होता, आणि लाइनमन खांबावर. पावणेचारला वीज आली. गल्लीनं टाळ्या पिटल्या. साहेब मात्र तासभर उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीसपैकी दोनशे अकरा पिल्लं बाहेर पडली. लाइनमन बघायला आला आणि कानात म्हणाला, "ताई, माझं नाव सांगू नका, पण गच्चीवर पॅनल बसवा. आमच्या नादी लागू नका." आता बोल! ज्याच्या हातात तार आहे तोच म्हणतो, सूर्याकडे जा.

तुझे आक्षेप मला पाठ आहेत. सूर्य मावळतो, म्हणशील. मावळतो ना, पण वेळ सांगून मावळतो आणि सकाळी वेळेवर हजर होतो. तोवर दिवसा भरलेली बॅटरी रात्र काढते. तुझं खातं न सांगता जातं आणि आलं की उपकार केल्यासारखं येतं. ढगांचं काय, म्हणशील. अरे, सूर्य ढगाआडूनही थोडंफार पाठवतो. तुमच्याकडे नुसता ढग दिसला तरी तार बंद करतात. आणि त्याची वीज कुठून लांबून, शंभर खांब ओलांडून यायची नाही, डोक्यावरून थेट यंत्रात. ज्या देशात ऊन इतकं आहे की सावलीसाठी माणसं भांडतात, तिथे आपण मेणबत्त्या साठवतो, याला काय म्हणावं? मला तरी शंका उरलेली नाही. वहिनीला आणि तुला नमस्कार.

तुझी,
छोटी

ता.क. मुख्य काम राहिलंच. आपल्या या सामायिक घरात माझ्या वाट्याच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीची आणि टाकीची दिवसभर सावली असते. ऊन सगळं तुझ्या अर्ध्या भागात. तेवढी परवानगी आणि तिकडच्या दाराची किल्ली पाठव.

ता.क. २. किल्लीची घाई नाही. पॅनल परवाच बसले. कुलूप तोडलेलं नाही, शप्पथ. ह्यांनी फक्त कडी उचकटली. कुलूप अजूनही कडीला नीट लावलेलं आहे आणि दोन्ही मी जपून ठेवलीत.

ता.क. ३. मिस्त्री आठ बसवणार होता, मी सातच बसवू दिले. आठव्याच्या जागी तुझी आरामखुर्ची आहे, संध्याकाळच्या वाऱ्याला. ती हलवायची माझी छाती झाली नाही.

ता.क. ४. पाकीट बंद करता करता तुझं पत्र पुन्हा वाचलं. "वीज येतेही, धीर धर" या ओळीवर मेणाचा हा एवढा मोठा थेंब पडलाय. मला आधी दिसलाच नव्हता. दादा, वहिनीचं वाफ घ्यायचं मशीनही विजेवरच चालतं ना रे? पत्र मिळताच पहिल्या गाडीनं तिला घेऊन ये. इथे वीज जात नाही.