केळ नंबर दोन

२ डिसेंबर, सोमवार

आजपासून मी दिग्दर्शक. नातीच्या, ओवीच्या, शाळेत गॅदरिंगला पहिली-दुसरीचं नाटक बसवायला माणूस मिळत नव्हता. मीच हेडमास्तरांना जाऊन सांगितलं, की रंगभूमीचा अठरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस उमेळ्यात पोस्टातून रिटायर होऊन घरी बसलाय. त्यांनी विचारलं, कोण? मी. गावच्या गणपतीतली नाटकं आठवतात का, म्हटलं. ते इथे नवीन आहेत, त्यांना काहीच आठवत नाही. उत्तम.

नाटक माझंच. लोभी राजा केळीची बाग बळकावतो, माकडं त्याला वठणीवर आणतात. चौदा पानं. २१ तारखेला प्रयोग. निमंत्रणाच्या कार्डावर छापील नाव येणार. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. उशीर माझ्याकडून झालेला नाही.

३ डिसेंबर

मुलं पाहिली. सोळा. एकाचंही नाक कोरडं नाही. राजा शेल्डन, कारण तो खोकला तरी माणिकपूरपर्यंत ऐकू जातं. डोकं रिकामं आहे, पण ते प्रेक्षकांना दिसत नाही. मुख्य माकड उमंग. त्याला अभिनय करावा लागणार नाही.

ओवीला राणी व्हायचं होतं. घरात पडलेली चौदा पानं तिने सगळ्यांच्या वाक्यांसकट पाठ केली, म्हणे. पाठ कोणीही करतं. आवाज कुठाय? शेजारी बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येतो. नात म्हणून वशिला लावणाऱ्यांतला मी नाही. तिला बागेतली केळ केलं. केळ नंबर दोन. संवाद नाहीत, हलायचं नाही.

रडली. बायकोने, द्वारकाने, चहा आणून आदळला. घरातल्यांना कला कळत नाही.

५ डिसेंबर

माझी पद्धत सोपी आहे. वाक्य मी आधी दबक्या आवाजात सांगतो, मूल ते मोठ्याने म्हणतं. अठरा वर्षांत या पद्धतीने एकही नाटक पडलं नाही.

प्रिस्का मिस, म्हणजे ओवीच्या वर्गशिक्षिका, मध्ये मध्ये नाक खुपसतात. म्हणाल्या, काका, तुम्हीच सगळं सांगितलंत तर पोरं पाठ कधी करणार? मी म्हटलं, तुम्ही पाढे बघा. वय सव्वीस. मला शिकवते.

९ डिसेंबर

मुलं आता माझ्या तोंडावरून नजर हटवत नाहीत. शेल्डन तर सिंहासनावर बसूनही मान वाकडी करून माझ्याकडेच बघतो. याला पकड म्हणतात. मिसच्या तासाला हीच मुलं बाकाखाली असतात.

ओवी माझ्याशी बोलत नाही. सातवा दिवस. दिग्दर्शकाला एकटं राहावंच लागतं.

१२ डिसेंबर

कार्डाचं प्रूफ आलं. ‘लेखन व दिग्दर्शन : दिवाकरकाका’. काका कशाला? काढायला लावलं. अक्षर मोठं करायला लावलं. प्रिस्का मिस म्हणाल्या, दोन्ही केळींचीपण नावं टाकूया ना, लहान आहेत, खूश होतील. मी म्हटलं, जागा नाही. म्हणाल्या, तुमचं अक्षर थोडं कमी केलं तर होईल. बाई डोक्यावर बसायला लागली आहे.

१५ डिसेंबर, रविवार

केळीच्या वेषासाठी खरी पानं हवीत. आमची बाग आता टॉवरचं पार्किंग आहे, म्हणून हरिभाऊकडे जावं लागलं. हरिभाऊ म्हणजे गणपतीतल्या नाटकांचा कायमचा हीरो. अठराही वर्षं. आता गुडघे गेलेत, भाव गेलेला नाही. पानं कापून दिली आणि म्हणाला, दिवा, तू आणि दिग्दर्शक? मग पोट धरून हसला. म्हणाला, येतो बघायला.

ये. पहिल्या रांगेत बस.

१९ डिसेंबर

रंगीत तालीम. उमंगने मुकुट चावला. दोन माकडं मारामारी करून पडली. राणीने स्टेजवर शू केली. मी तीन तास ओरडलो. ‘गाढवांनो’ हा शब्द नऊ वेळा वापरला, असं प्रिस्का मिस म्हणतात. मोजायला वेळ आहे त्यांना.

घसा बसलाय. मीठ-पाणी, ज्येष्ठमध. परवापर्यंत खणखणीत.

२१ डिसेंबर, शनिवार, दुपारी ३

आवाज नाही. एक अक्षर फुटत नाही. द्वारकाला खुणा केल्या, तर म्हणाली, घरात किती छान शांतता आहे.

काळजीचं कारण नाही. एकोणीस दिवसांची मेहनत आहे. मुलांना सगळं येतं.

२२ डिसेंबर, सकाळ

मुलांना काहीही येत नव्हतं.

पडदा उघडला. मी विंगेत. राजाने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले. त्यानेही नुसते ओठ हलवले. मग माकडांनी माझ्याकडे बघितलं. केळी सोडून सगळी मुलं प्रेक्षकांना विसरून माझ्याकडे बघत उभी. खाली कोणीतरी हसलं. मला वाटलं हरिभाऊ. हसणारा तो नव्हता, पण मला वाटलं.

आणि शेल्डन कडाडला, ‘ही बाग आजपासून माझी!’

मी सांगितलं नव्हतं. मग उमंग बोलला. मग राणी. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. प्रत्येक वाक्याआधी कुठूनतरी एक आवाज येत होता. इतका हलका, की पहिल्या रांगेलाही कळू नये आणि स्टेजवर सगळ्यांना कळावा. असा आवाज लाखात एखाद्याला असतो. मला माहीत आहे.

केळ नंबर दोन. हलत नव्हती. फक्त तोंडासमोरचं पान थरथरत होतं. चौदाही पानं तिने ओढून नेली.

टाळ्या पडल्या. माझं नाव पुकारलं. मी गेलो, नारळ घेतला. हरिभाऊ काठी टेकत वर आला आणि माझ्याकडे न बघता सरळ ओवीपाशी गेला. मोठ्याने म्हणाला, पोरी, अठरा वर्षं तुझा आजा असाच पडद्यामागून मला वाक्यं सांगायचा. तो नसता तर माझी एकूण एक नाटकं पडली असती. सगळ्यांनी ऐकलं. प्रिस्का मिसनीही.

अठरा वर्षांचा अनुभव तो हाच. प्रॉम्प्टर. वहीत लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

आज सकाळी ओवी माझ्याशी बोलली. एकोणीस दिवसांनी. कार्ड हातात होतं. म्हणाली, आजोबा, तुम्हाला पण सगळ्यांचं पाठ होतं?

मान डोलावली.

मग तुमचं नाव कार्डावर असायचं?

नाही, अशी मान हलवली. का, म्हणाली. घशातून जेमतेम हवा निघाली. जागा नसायची, म्हटलं.

तिने कार्ड उलटसुलट करून बघितलं. माझ्या नावावर बोट ठेवलं. मग बारीक अक्षरात छापायचं ना, म्हणाली, आणि खेळायला गेली.