अंगठेवाला डॉक्टर

टेमघर, भिवंडी
९ जानेवारी १९७४

चि. केसरीनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल, तुझी खुशाली कळव.

तू केलेला रबरी अंगठा आमच्या कारागीर राघोला छान बसला. मागाच्या चाकात खरा गेला तेव्हा कामच सुटायची पाळी होती. आता तुटलेला धागा स्वतः बांधतो आणि टपरीवर येईल त्याला अंगठा दाखवत बसतो. सगळे तुला अंगठेवाला डॉक्टर म्हणतात. कॉलेजात मुडदे फाडून शिकवतोस म्हणून जी काकी तुला पंगतीत शेजारी बसू देत नव्हती, ती आता, डॉक्टर माझा पुतण्या हाय, म्हणून गावभर सांगते. मागवाले तुला शाल देणार आहेत. आणखी सहा अंगठे हवेत, असा ह्यांचा निरोप.

धाकट्याने लोभ असाच ठेवावा.
आक्का

पुणे
१७ जानेवारी १९७४

ती. आक्कास केसरीनाथचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून चिडलो, खरं सांगतो. अंगठ्याआधी मी भावोजींच्या चार मागांसाठी चाकांवरची झाकणं पाठवली होती. झाकण उघडं असेल तर माग सुरूच होत नाही, मग हात सापडेल कसा? त्यांबद्दल एक अक्षर नाही! जन्मभर मेलेल्यांचे हात उकलून पाहिले. माझा अंगठा ही त्याची भिकार नक्कल आहे. धागा बांधेल, पण लेकराचा गाल त्याला कळणार नाही. झाकणं लावली का, तेवढं कळव.

तुझा,
केसरीनाथ

टेमघर
२ फेब्रुवारी

चि. केसरीनाथ यास आशीर्वाद.

झाकणं माळ्यावर पडलीत. तेल द्यायला दर वेळी माग थांबवावा लागतो, कापड कमी उतरतं, असं हे म्हणतात. वर, घरचा डॉक्टर अंगठे करतो तर भ्यायचं कशाला, हेही. रागाने मी दोन दिवस बोलले नाही, पण मागांच्या खडखडाटात त्यांना ते कळलंही नाही. तू सत्काराला ये आणि चारचौघांत सांग.

वाट पाहणारी,
आक्का

पुणे
२० फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

सत्काराला तू बायकांत मागे बसली होतीस, तुला दिसलं नसेल. मी झाकणांबद्दल बोललो, टाळ्या पडल्या. मग अध्यक्षांनी अंगठ्यांचा कारखाना भिवंडीतच काढा म्हटलं, तेव्हा त्याहून जास्त पडल्या. भावोजी सर्वांत जोरात वाजवत होते. शाल मुद्दाम एसटीत सोडली. आता मला माझाच राग येतो. अंगठा केलाच नसता तर कदाचित झाकणं लागली असती. पण राघोकडे बघून तसंही म्हणवत नाही.

तुझा वैतागलेला,
केसरीनाथ

टेमघर
११ मार्च

चि. केसरीनाथ यास अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. परवा चालत्या मागावरचा कापूस पुसताना ह्यांचा उजवा अंगठा गेला. ठाण्याला टाके घातले, जीव सुखरूप आहे. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय, तर तुला लिहायला सांगितलं. गोरा नको, आपल्या रंगाचा पाठव म्हणून. मी पोटभर रडले. मग राघोला माळ्यावर चढवलं आणि चारी मागांवर झाकणं बसवून घेतली.

हे खाटेवरून ओरडतायत, बरा झालो की काढून फेकतो म्हणून. पण नट सोडवायला पाना घट्ट धरावा लागतो, आणि उजव्या अंगठ्याशिवाय तो ह्यांना धरता येणार नाही, एवढं डॉक्टरच्या बहिणीला कळतं. तेव्हा बाबा, ह्यांचा अंगठा पाठवायची घाई करू नकोस.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी आक्का